पैसे देऊन ऑनलाइन आरोग्यसल्ला घेताय? पदवी, नोंदणी आणि विश्वास यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात २२ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. पूर्वी लोक कागदाची चिठ्ठी पुढे करायचे, आता मोबाइल पुढे करतात. "ऑनलाइन डॉक्टरांनी लिहून दिलंय, एवढं द्या." फी भरून झालेली असते, विश्वासही बसलेला असतो, आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांकच नसतो. अशा चिठ्ठीवर औषध का देता येत नाही हे समजावताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

नावाआधी 'डॉ.' आहे. एवढं पुरेसं नाही का?

नाही. 'डॉ.' एमबीबीएस झालेले लावतात, दातांचे डॉक्टर लावतात, बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) लावतात, पीएच.डी. केलेले मराठीचे प्राध्यापकही लावतात. फिजिओथेरपिस्टांनी लावावं की नाही यावर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढलं आणि लगेच मागे घेतलं. त्यामुळे या एका अक्षरावरून समोरचा माणूस काय शिकला आहे ते कळत नाही.

दवाखान्यात गेलं की पाटी दिसते, भिंतीवरचं प्रमाणपत्र दिसतं, बाहेर बसलेले लोक दिसतात. त्यातलं कोणीतरी सांगतं, "आमच्या सासऱ्यांना यांनीच बरं केलं." स्क्रीनवर यातलं काहीच नसतं. मग सगळा भार नावाआधीच्या आणि नावानंतरच्या अक्षरांवर येऊन पडतो. ती अक्षरं नीट वाचता येणं म्हणूनच गरजेचं आहे.

पदव्यांची अक्षरं वाचायची कशी?

कंसातलं आधी वाचा. नुसतं एम.डी. किंवा एम.एस. असेल तर ते बहुधा एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण. एम.डी. (आयुर्वेद) आणि एम.डी. (होमिओपॅथी) याही रीतसर पदव्या आहेत, पण वेगळ्या उपचारपद्धतीतल्या. हृदयविकारासाठी एम.डी. शोधणाऱ्याने हा फरक बघायलाच हवा. कंसात 'ए.एम.' असेल तर ते अल्टरनेटिव्ह मेडिसिन. त्याच्या किंवा इलेक्ट्रोहोमिओपॅथीच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव लागत नाही.

डी.एन.बी. पाहून काही लोक नाक मुरडतात. ते चूक आहे, ती एम.डी./एम.एस.च्या तोडीची पदवी आहे. डी.एम. आणि एम.सीएच. त्यापुढच्या, एकेका अवयवाच्या किंवा विषयाच्या. शेवटी शेवटी 'फेलो', 'सर्टिफाइड', 'लंडन', 'यूएसए' अशी शेपटं असतात. त्यांतली काही दोन वर्षांच्या कष्टाची असतात, काही शनिवार-रविवारच्या कार्यशाळेची. नुसत्या अक्षरांवरून ते ओळखता येत नाही. मी तरी मूळ पदवी कोणती एवढंच आधी बघतो.

पदवी दिसतेय, मग नोंदणी क्रमांक कशाला हवा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पदवी विद्यापीठ देतं, पण उपचार करण्याची मुभा परिषद देते. आधुनिक वैद्यकासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, आयुर्वेद आणि युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीन आहे, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या वेगळ्या परिषदा आहेत. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठीही महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने परिषद आहे. ज्याचं नाव या नोंदवहीत आहे तो चुकला, तर त्याला बोलावून जाब विचारणारं कोणीतरी असतं. त्याचं नाव काही महिन्यांसाठी काढता येतं, कायमचंही काढता येतं. नोंदवहीत नसलेल्याकडून परिषद काय काढून घेणार?

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, संकेतस्थळावर, व्हॉट्सॲप-ईमेलसारख्या संदेशांत आणि फीच्या पावतीवरही द्यायचा आहे. फी घेतली की पावती द्यायची हेही त्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे क्रमांक विचारून तुम्ही डॉक्टरांवर संशय घेत नाही. त्यांनी आधीच द्यायला हवी होती तीच गोष्ट मागता.

तपासणं सोपं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून शोधता येतं. परराज्यातल्या डॉक्टरांसाठी त्या राज्याची परिषद, नाहीतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाची नोंदवही बघायची. आयोगाने ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय नोंदवहीचं नवं पोर्टलही सुरू केलं आहे. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांचे क्रमांक साधे आकडे असतात, नंतरच्यांचे वर्ष, महिना आणि क्रमांक अशा तिरक्या रेघांच्या रूपात. क्रमांक सापडला म्हणून लगेच थांबू नका. त्यापुढचं नाव तेच आहे का, पदवी तीच आहे का, नूतनीकरण झालेलं आहे का, हेही पाहा. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी पदवीनंतरही चालू ठेवायच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. दुसऱ्याचाच क्रमांक छापलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर आलेली आहे. नाव पुरुषाचं, क्रमांक एका डॉक्टर बाईंचा.

माझी अडचणही सांगतो. शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीतली अँटिबायोटिक्स किंवा झोपेच्या काही गोळ्या दिल्या, की मला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते नोंदवून तीन वर्षं जपावं लागतं. डॉक्टरच्या रकान्यात मी 'इन्स्टाग्रामवाले सर' लिहू शकत नाही.

मोठ्या ॲपवर आहेत म्हणजे ॲपने तपासलंच असेल ना?

तपासायलाच हवं. २०२० च्या तत्त्वांनुसार प्लॅटफॉर्मने आपल्या यादीतला प्रत्येक डॉक्टर नोंदणीकृत असल्याची खात्री करायची आहे आणि नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, संपर्क दाखवायचा आहे. 'तुम्हाला उपलब्ध डॉक्टर जोडून देऊ' म्हणत शेवटपर्यंत नाव न सांगणारं ॲप असेल तर पैसे भरण्याआधी मागे फिरा. समाजमाध्यमावरची निळी खूण मात्र या सगळ्यापासून वेगळी. ती फार तर खातं त्याच माणसाचं आहे एवढंच सांगते, पदवीबद्दल काही सांगत नाही.

डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट, डाएट कोच: कोणावर विश्वास ठेवायचा?

मराठीत आपण सगळ्यांनाच 'आहारतज्ज्ञ' म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोणी आहारशास्त्रात एम.एस्सी. करून रुग्णालयात इंटर्नशिप केलेली असते, कोणी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला असतो. एकाच शब्दाखाली दोघंही बसतात.

ओळखायची एक खूण आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन 'रजिस्टर्ड डायटिशियन', म्हणजे आर.डी., ही ओळख देते. ती नसली म्हणजे माणूस अडाणी असं नव्हे, पण असली तर शिक्षण आणि परीक्षा दोन्ही झालेल्या आहेत हे कळतं. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात आहारतज्ज्ञही येतात आणि राज्यांच्या परिषदा, नोंदवह्या तयार करायची तरतूद आहे. ते काम रेंगाळलं याचा मला मनापासून राग आहे, कारण पैशांची उलाढाल याच क्षेत्रात जोरात चालली आहे.

आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक काकू आहेत, मधुमेहाच्या. त्यांनी तीन महिन्यांचं ऑनलाइन पॅकेज घेतलं. कोचने रात्रीचं जेवण बंद केलं, भात-भाकरी जवळजवळ काढून टाकली. वजन उतरायला लागलं, काकू खूश. पण त्यांना ग्लिमेपिराइड चालू होती. ती गोळी खाल्लेलं असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तिसऱ्या आठवड्यात पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं. सुनेने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या कोचने "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हे एकदाही विचारलं नव्हतं. शिकलेल्या डायटिशियनचा पहिल्या पाच प्रश्नांत हा प्रश्न असतो, आणि आहार बदलण्याआधी गोळीच्या डोसबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या असं ती सांगते. इथे प्रमाणपत्राचा फरक कागदावर राहिला नाही, तो एका पहाटेवर येऊन ठेपला.

मानसिक आरोग्याच्या ऑनलाइन सेशन्सचं काय?

इथेही शब्द फसवतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले. या क्षेत्रातल्यांपैकी औषधं तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं लिहीत नाहीत, चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांना १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, नोंदणी करावी लागते आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही वापरतो. मानसशास्त्रात एम.ए. करून अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेली बाई समुपदेशक असते, आणि आठवड्याचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेलाही असतो.

नात्यातला ताण, परीक्षेची भीती, नोकरीतली घुसमट यांसाठी चांगला समुपदेशक पुष्कळ मदत करतो. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, कानात आवाज येतात, मरणाचे विचार येतात, अशा वेळी पदवी आणि नोंदणी पाहूनच माणूस निवडा. आणि जो "गोळ्यांची काही गरज नाही, माझी दहा सेशन्स घ्या" असं पहिल्याच कॉलवर म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. पैसे नसतील किंवा रात्रीचे दोन वाजले असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

फी जास्त असेल तर सल्लाही चांगला असतो का?

भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो. सल्ल्याचं टोक मोडता येत नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं आहे की, वैद्यकीय सेवा घेणाऱ्याला ती आधी पारखता येत नाही, म्हणूनच या व्यवसायात परवाने आणि विश्वास यांना एवढं महत्त्व आलं. बऱ्याचदा सल्ला घेतल्यावरही कळत नाही. सर्दी आठ दिवसांत बरी झाली ती गोळीने की आपोआप, कोण सांगणार?

पारखता येत नाही म्हणून माणूस दुसऱ्या खुणा शोधतो: फीचा आकडा, पांढरा कोट, फॉलोअर, पाच तारे. फीचा आकडा वेळेबद्दल आणि मागणीबद्दल काही सांगतो, ज्ञानाबद्दल फारसं नाही. तारे बहुतेक वेळा वागणुकीचे असतात. मी तारे वाचतो ते "नीट ऐकून घेतलं", "वेळेवर कॉल आला" एवढ्यासाठी. "निदान अचूक" असं लिहिणाऱ्याला ते कसं कळलं, हा मला प्रश्न पडतो.

फॉलोअरवाल्यांसाठी ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम दिले आहेत. प्रमाणित डॉक्टर किंवा तज्ज्ञ असाल तर तसं स्पष्ट सांगा, नसाल तर हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही असं सांगा. व्हिडिओत यातलं काहीच सांगितलेलं नसेल तर पैसे भरण्याच्या लिंकवर बोट ठेवू नका.

पदवी खरी, नोंदणी खरी. तरीही सल्ला चुकू शकतो?

हो, आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ग्रामीण मध्य प्रदेश आणि दिल्लीत अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित बनावट रुग्ण पाठवून डॉक्टर पारखले. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशातल्या नमुन्यातल्या ६७ टक्के उपचार करणाऱ्यांकडे कोणतीच वैद्यकीय पदवी नव्हती. अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. विचारायला हवेत ते प्रश्न विचारणं आणि तपासण्या करणं यात पदवीधर आणि बिनपदवीचे यांच्यातलं अंतर फार थोडं निघालं. २०१६ मध्ये त्यांनीच दाखवलं की तेच सरकारी डॉक्टर आपल्या खासगी दवाखान्यात जास्त मेहनत घेतात. पदवी तीच, माणूस तोच, श्रम वेगळे.

त्यामुळे नोंदणी तपासून झाली की कान उघडे ठेवा. आधीचे आजार, चालू औषधं, ॲलर्जी, बाईमाणसाला गरोदरपण, हे विचारलं का? "हे कॉलवर कळणार नाही, प्रत्यक्ष दाखवा" असं म्हणायची तयारी आहे का? माझ्या अनुभवात हे वाक्य म्हणणारा डॉक्टर भरवशाचा निघतो, कारण ते म्हणताना तो पुढच्या कॉलची फी सोडत असतो. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्या डॉक्टरांकडे पदव्या होत्याच.

पहिल्याच कॉलवर गोळ्या लिहून देता येतात का?

२०२० च्या तत्त्वांनुसार काही देता येतात. ताप-खोकल्याची साधी, दुकानात चिठ्ठीविना मिळणारी औषधं कोणत्याही प्रकारच्या कॉलवर सांगता येतात. ठरावीक यादीतली पुढची औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओ कॉलवर. आधी प्रत्यक्ष तपासलेलं असेल तर त्याच आजारासाठी आधीच्या औषधाला जोड म्हणून आणखी औषध देता येतं. शेड्यूल एक्स या सर्वांत कडक यादीतली आणि नार्कोटिक कायद्याखालची औषधं, मोजके अपवाद सोडले तर, ऑनलाइन लिहिता येत नाहीत. चॅटवर दोन ओळी लिहून झोपेच्या गोळीची चिठ्ठी मिळाली असेल तर दुकानदाराशी भांडू नका, तो नियमानेच नाही म्हणतो.

होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी ऑनलाइन अँटिबायोटिक लिहून दिलं. चालतं का?

१९९६ मध्ये पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच ठरतो. तिथे होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. महाराष्ट्रात त्यानंतर चित्र गुंतागुंतीचं झालं. आयुर्वेद पदवीधरांना राज्याच्या अधिसूचनांमुळे काही मुभा आहे, होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमाची वाट काढली गेली, आणि त्यावर डॉक्टरांच्या संघटना कोर्टात गेल्या. रुग्ण म्हणून सरळ विचारा: "तुमचं शिक्षण कोणत्या पद्धतीचं आणि हे औषध कोणत्या?" आयुर्वेदासाठी आयुर्वेदाच्याच जाणकार वैद्याकडे जाण्यात काहीच गैर नाही. एका पद्धतीची पाटी दाखवून दुसरीची औषधं देणं मात्र गैर आहे.

'मधुमेह मुळापासून बरा', 'कॅन्सरवर खात्रीचा उपाय' अशी जाहिरात असेल तर पदवी तपासण्यात वेळ घालवू नका. १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आहे.

मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याने इथल्या डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला घ्यावा का?

भारताची टेलिमेडिसिनची तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, आणि अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. इथली चिठ्ठी तिथला फार्मसीवाला घेणार नाही. आधीचे रिपोर्ट समजून घ्यायला, दुसरं मत ऐकायला बोलावं, उपचार मात्र तिथल्या परवानाधारकाकडून घ्यावेत. उलट बाजूची अडचण मी जास्त बघतो. मुलगा तिकडून आई-वडिलांसाठी पॅकेज घेतो, आणि इथे सांगलीत-साताऱ्यात कॉलवर कोण आहे हे आई-वडिलांना माहीतच नसतं. पैसे भरणाऱ्याने नोंदणी तपासावी आणि डॉक्टरांचं नाव कागदावर लिहून आईच्या औषधाच्या डब्याला चिकटवायला सांगावं.

एआय चॅटबॉट पैसे घेऊन सल्ला देतो, तो?

२०२० च्या तत्त्वांत लिहिलं आहे की, एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहायचं नाही, फक्त डॉक्टरला मदत करायची. रिपोर्टमधला शब्द समजून घ्यायला वापरा. त्याच्या सांगण्यावरून औषध मागायला आलात तर मी देणार नाही.

फसवणूक झाली तर कुठे जायचं?

पावती, चॅट, चिठ्ठी, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, सगळं आधी जपून ठेवा. डॉक्टर नोंदणीकृत असेल तर त्याच्या परिषदेकडे लेखी तक्रार. नोंदणीच नसेल तर पोलीस, आणि महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात बिनापरवाना वैद्यकीला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फी दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांच्या आत. पैसे घेऊन खातंच गायब झालं असेल तर लगेच १९३० ला फोन करा, तासाभराची चालढकलही महागात पडते.

डॉक्टरांना नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटतो. कसं विचारू?

हा संकोच मी रोज बघतो, विशेषतः वयस्कर माणसांत. डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे अपमान, असं आपल्याकडे मनात बसलेलं आहे. माझ्या आईलाही हे जमत नव्हतं. तिला मी एक मजकूर फोनमध्ये साठवून दिला आणि पैसे भरण्याआधी तोच पाठवायला सांगितला. दोनदा लगेच उत्तर आलं, एकदा आलंच नाही, आणि त्या वेळी तिने पैसे भरले नाहीत. मजकूर असा होता:

"नमस्कार. आपला सल्ला घ्यायचा आहे. चिठ्ठी आमच्या औषध दुकानात चालावी म्हणून आपलं पूर्ण नाव, पदवी, परिषदेचं नाव आणि नोंदणी क्रमांक कळवावा, तसंच फीची पावती मिळेल का तेही सांगावं. मला सध्या चालू असलेल्या गोळ्यांचा फोटो सोबत पाठवत आहे."